आरडी ३५०: उजवा सिलिंडर पुन्हा पुन्हा बसतोय, प्लग काळा आणि ओला

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्यांच्या गाडीचं दुखणं निराळं आहे त्यांचा वेळ वाचेल. गाडी थंड असताना दुसऱ्या किकला सुरू. दोन्ही सायलेन्सरचा आवाज सारखा. बेळगावातून खानापूर रस्त्याला लागलो की पिरनवाडी, मच्छे मागे पडेपर्यंत झकास पळते. देसूरच्या आसपास, म्हणजे इंजिन चांगलं तापल्यावर, उजवीकडचे एक-दोन ठोके चुकतात आणि मग तो सिलिंडर गपगार. एकट्या डाव्यावर गाडी ओढत राहते, पण लंगड्या बैलाने नांगर ओढावा तशी. उजवा प्लग काढला तर काळा, तेलकट, ओला. डावा मात्र भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा, म्हणजे जसा हवा तसा. नवीन प्लग लावला की गाडी पूर्ववत. आठ-दहा दिवसांनी पुन्हा देसूर, पुन्हा तेच.

गाडी म्हणजे राजदूत ३५०. आपल्याकडे तिला आरडीच म्हणतात. यामाहाने जपानात १९७३ ला काढलेली, एस्कॉर्ट्सने इथे १९८३ ते १९८९ बनवलेली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गियर. आधीची हाय टॉर्क ३०.५ हॉर्सपॉवरची, नंतरची मायलेजसाठी लगाम घातलेली लो टॉर्क २७ ची. माझी लो टॉर्क. निपाणीला मामांच्या तंबाखूच्या वखारीत अठरा वर्षं उभी होती. मामा म्हणाले, "घेऊन जा की रे, नाहीतरी उंदरंच बसालीत तिच्यावर." अजूनही इंजिन तापलं की सीटखालून जर्द्याचा वास येतो. रंग, क्रोम, टाकीचा गंज या सगळ्यात एक पावसाळा गेला, त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. ती कामं दिसतात, म्हणून होतात. हे दुखणं दिसत नव्हतं.

पहिले चार महिने मी फक्त प्लग बदलले. अकरा. डबीत ठेवलेत अजून. नेहमीच्या बी८एचएस प्लगच्या जागी एक नंबर गरम, म्हणजे स्वतः जास्त तापून काजळी जाळणारा, म्हणून बी७एचएस लावून बघितला, तर बिघाड देसूरऐवजी खानापूरच्या वेशीवर गेला. मला वाटलं जिंकलो. प्रत्यक्षात मी ताप आलेल्याच्या तोंडातला थर्मामीटर बदलत होतो. वर डाव्या, चांगल्या बाजूलाही गरम प्लग लावून तो सिलिंडर विनाकारण धोक्यात घातला होता.

शहापुरातल्या एका जुन्या मेस्त्रींनी मला थांबवलं. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. म्हणाले, "दोन सिलिंडरची गाडी आहे की रे तुझी. एक बाजू नीट आहे. मग नीट बाजूला विचार की, माझ्यासारख्याला काय विचारालास?" म्हणजे असं: डावीकडचा एक भाग उजवीकडे लावायचा, उजवीकडचा डावीकडे. गाडी त्याच रस्त्यावर तेवढीच पळवायची. दुखणं भागाबरोबर डावीकडे गेलं तर भाग खराब. दुखणं उजवीकडेच राहिलं तर तो भाग निर्दोष. एका वेळी एकच अदलाबदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर उत्तर मिळत नाही, फक्त गाडी सुरू होते, आणि त्यासारखं वाईट काही नाही. हे प्रत्येक वेळी दिनदर्शिकेवर तारखेखाली लिहून ठेवलं. आईने गॅसच्या टाकीची नोंद करायची जागा माझ्या कंडेन्सरने खाल्ली म्हणून बोलणीही खाल्ली.

विजेकडची बाजू लवकर आटपली. कॉइलच्या तारा उलटसुलट केल्या, दुखणं उजवीकडेच. प्लग कॅप बदलल्या, तिथेच. कंडेन्सर बदलले, तिथेच. पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगीची वेळ ठरवणारी टोकं, दोन जोड असतात, त्यांचं अंतर ०.३ ते ०.४ मिलिमीटरमध्ये, आणि टायमिंग पिस्टन वरच्या टोकाच्या २ मिलिमीटर आधी, दोन्ही बाजूंचं वेगवेगळं, प्लगच्या भोकात डायल गेज बसवून लावलं. कानाने टायमिंग लावणारे मेस्त्री मी पाहिलेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण या इंजिनात कान कमी पडतो. पॉइंटच्या टोकांवर खड्डा आणि उंचवटा दिसत असेल, किंवा पॉइंट उघडताना मोठी निळी ठिणगी उडत असेल, तर कंडेन्सर आधी बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जो ओलावा असतो त्यात न वापरलेल्या पॉइंटवर पांढरट थर येतो. जाड कागदाची पट्टी पॉइंटमध्ये धरून ओढली तरी फरक पडतो.

एक गोष्ट मात्र अदलाबदलीने सापडत नाही, कारण ती दोन्ही बाजूंना एकच असते: बॅटरी. आरडीच्या अल्टरनेटरमध्ये कायमचं चुंबक नाही, फील्ड कॉइल आहे, ब्रशमधून तिला करंट मिळतो तेव्हा चार्जिंग होतं. बॅटरी मेली की चार्जिंगही मरतं आणि ठिणगीही. ज्यांचे दोन्ही प्लग काळे पडतात त्यांनी पुढचं वाचायच्या आधी मीटर घेऊन बॅटरीवर व्होल्टेज बघावं. इंजिन बंद असताना साडेबाराच्या वर आणि इंजिन फिरवल्यावर त्याहून चढतं दिसलं पाहिजे. चढत नसेल तर ब्रश आणि रेग्युलेटर.

मग कार्बोरेटर. मिकुनीचे दोन्ही कार्बोरेटर अख्खे अदलाबदल करता येत नाहीत, डावा-उजवा वेगळा आहे. पण आतलं सगळं बदलता येतं: मेन जेट, पायलट जेट, स्लाइडमधली सुई, फ्लोटची सुई आणि तिची सीट. इथे मी फसलो. फ्लोटची सुई सीटसकट अदलाबदल केल्यावर डावा प्लग काळपट यायला लागला! सुईचं टोक फुगलेलं होतं, पेट्रोल पूर्ण बंद होत नव्हतं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनी रबरं अशी फुगतात, आणि हे पेट्रोल उभ्या गाडीत पाणीही ओढून घेतं. आमच्या जिल्ह्यात तर साखर कारखाने आणि त्यांच्या डिस्टिलऱ्या इतक्या, की घरासमोरचाच ऊस कार्बोरेटरमध्ये येऊन बसला म्हणायला हरकत नाही. दोन्ही सुया आणि सीट नव्या टाकल्या, डावा पुन्हा बिस्किटाच्या रंगाचा झाला.

आणि उजवा? आठ दिवसांऐवजी वीस दिवसांनी बसला. म्हणजे एक खरं कारण सापडलं होतं, पण ते मुख्य नव्हतं. जुन्या गाडीत हेच नडतं. तिच्यात एका वेळी तीन रोग असतात. त्यातला एक बरा झाला की आपण नारळ फोडतो.

सायलेन्सरच्या आतले बॅफल कार्बनने बुजले असतील तरी ती बाजू गुदमरते. बॅफलही डावे-उजवे बदलून बघितले, काही फरक नाही. तरी बाहेर काढलेच होते म्हणून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवले. हातमोजे आणि चष्म्याशिवाय हे करू नका, आणि अॅल्युमिनियमचा कुठलाही भाग त्या बादलीत जाऊ देऊ नका, तो सोडा अॅल्युमिनियम खातो.

आता राहिलं तेल. उजव्या प्लगवर नुसता काळा कार्बन नव्हता, तेल होतं. पहिला संशय ऑटोलूब पंपावर, म्हणजे इंजिनात टू-टी ऑइल सोडणाऱ्या पंपावर. पंप एकच, त्याच्यातून दोन नळ्या दोन बाजूंना. केबलची खूण जुळवली, नळ्यांतली हवा काढली, आणि शेवटी एक सोपी परीक्षा केली: पंपाच्या नळ्या तात्पुरत्या बंद करून टाकीत लिटरमागे ४० मिली टू-टी ऑइल मिसळलं, म्हणजे १:२५. असं पळवून उजवा प्लग कोरडा राहिला असता तर पंपाच्या त्या बाजूच्या नळीतला झडपेचा गोळा गळतोय असं ठरलं असतं. राहिला नाही. या परीक्षेत एक सावधगिरी: मिसळलेल्या तेलावर घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गियरवर गाडी सोडू नका. पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. मधूनमधून थोडी मूठ पिळत राहा.

खरा सुगावा घाटातच लागला. संकेश्वरला एका लग्नाला जाताना वंटमुरीचा उतार लागला. मूठ बंद, इंजिन ब्रेकवर गाडी खाली. तळाशी मूठ पिळली तर उजव्या सायलेन्सरमधून पांढरा-निळा लोट, मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला इतका. डावीकडे अगदी बारीक धूर. टू-स्ट्रोकमध्ये मूठ बंद असताना क्रँककेसमधली, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीतली, ओढ सर्वांत जास्त असते. त्या ओढीने कुठून तरी तेल आत येत होतं, आणि या इंजिनात उजवीकडे, क्रँकच्या टोकाला, क्लच कव्हरच्या आत, एक सील आहे. त्याच्या एका बाजूला क्रँककेस, दुसऱ्या बाजूला गियरबॉक्सचं तेल. डावीकडच्या सीलच्या पलीकडे अल्टरनेटर आहे, कोरडा. म्हणून उजवं सील गेलं की तेल येतं, डावं गेलं की हवा येते. रोग एकच, पण उजवीकडे प्लग मरतो आणि डावीकडे पिस्टन जाम होतो. उजवीकडचं दुखणं धूर काढून सांगतं तरी. डावं सांगत नाही. मूठ सोडली तरी आरपीएम वरच टांगून राहतो, एवढीच खूण मिळते.

तापल्यावरच का, याचंही उत्तर इथेच आहे. थंड गियर ऑइल घट्ट असतं, सीलच्या फटीतून जाता जात नाही. तापलं की पाण्यासारखं पातळ होतं. देसूर म्हणजे माझ्या गियर ऑइलचं पातळ होण्याचं गाव.

खात्री करायला गियर ऑइल मोजून भरलं आणि ४०० किलोमीटरनंतर मोजून काढलं. दीडशे मिली कमी. बाहेर जमिनीवर थेंब नाही. काढलेल्या तेलाला पेट्रोलचा वास, कारण सील दोन्हीकडे गळतं: ओढ असताना तेल आत, दाब असताना पेट्रोल-हवा बाहेर. हा वास आला तर पुढची परीक्षा केलीच पाहिजे.

ती परीक्षा घरी करता येते, आणि मला वाटतं जुनी टू-स्ट्रोक घेणाऱ्याने पहिल्या आठवड्यातच करावी. सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढायचे. दोन्ही एक्झॉस्टची तोंडं आणि दोन्ही इनटेक बंद करायचे. मी सायकलच्या ट्यूबचे तुकडे, त्यावर पत्र्याची चकती आणि मूळच्याच बोल्टने आवळणं असं केलं. दोन्ही बाजू एकदम बंद करा, एकच नको, कारण आरडीच्या क्रँकच्या मधोमध जे सील आहे ते घासणारं नाही, खाचांचं आहे, आणि त्यातून एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूला थोडी जातेच. प्लग दोन्ही लावलेले. एका पत्र्याला भोक पाडून त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह, आणि त्याला रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि काटा जोडला. वडिलांचं जुनं यंत्र होतं. काटा २५० पर्यंत न्यायचा. पारा मिलिमीटरमध्ये २५० म्हणजे पाच पौंडाच्या जरा खाली, एवढा दाब पुरे. टायरचा पंप लावू नका, त्याने चांगलं सीलही बाहेर ढकललं जाईल.

चांगल्या इंजिनात काटा पाच-सहा मिनिटांत जेमतेम हलतो. माझा काटा वीस सेकंदांत ६० वर. आधी बाहेरच्या सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी ब्रशने लावलं: हेडखाली, सिलिंडरच्या बुडाशी, इनटेकच्या रबरावर, अल्टरनेटरचं कव्हर काढून डाव्या सीलवर. कुठेच बुडबुडा नाही. मग गियर ऑइल भरायच्या भोकावर साबणाचा पातळ पडदा धरला आणि मुलाला फुगा दाबायला लावलं. पडदा टम्म फुगून फुटला. मुलगा टाळ्या वाजवत होता आणि मी इंजिन खोलण्याच्या खर्चाचा हिशेब करत होतो.

इंजिन खोललं. आरडीची केस आडवी फुटते, वरचा आणि खालचा अर्धा, म्हणून खालचा नट सोडायच्या आधी कुठला बोल्ट कुठला याचा पुठ्ठ्यावर नकाशा करून बोल्ट त्यातच टोचून ठेवले. सील निघालं तेव्हा धक्का बसला: सील जवळजवळ नवीन होतं. रबर मऊ, ओठ शाबूत. मामांना फोन केला. म्हणाले, "होय की, गाडी ठेवायच्या आधी दोनदा सील घातलं होतं. दोन्ही वेळा महिनाभर बरी चालली."

महिनाभर. तिथे माझी ट्यूब पेटली. सीलचा ओठ क्रँकवरच्या एका लोखंडी कॉलरवर घासत फिरतो. त्या कॉलरवर नख फिरवलं तर नख अडकलं. इतक्या वर्षांत जुन्या ओठांनी तिथे बारीक चर पाडली होती. नवीन सील त्याच चरीत बसायचं, चार दिवस घट्ट वाटायचं, ओठ चरीच्या कडेवर झिजला की पुन्हा गळती. दोनदा सील बदललं, कॉलर कोणी बघितलीच नाही. मीही प्लगवर अकरा वेळा तेच केलं होतं, त्यामुळे त्या मेस्त्रीला नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

अशा कामासाठी बेळगावसारखं गाव नाही. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीनशॉपच्या गल्ल्या आहेत, दुसरीकडे ज्या कामासाठी कुरिअर करावं लागतं ते इथे जेवणाच्या सुट्टीत होतं. पहिल्या दुकानात म्हणाले लेथवर एक कट मारून चर घालवून देतो. दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या ऑपरेटरने कॉलर हातात फिरवली आणि मान हलवली. "लेथवर फिरवून नाही चालत की. टूलची रेघ राहती, स्क्रूसारखी. ती तेल आत ओढती नाहीतर बाहेर ढकलती. ग्राइंडिंग पाहिजे, आणि दगड सरळ आत घालायचा, आडवा सरकवायचा नाही." शिवाय व्यास कमी झाला तर सील ढिलं बसणार. म्हणून त्यांनी मूळ मापाची नवीनच कॉलर केली, कडक करून ग्राइंड केलेली. नख फिरवलं तर काचेवर फिरवल्यासारखं. हे ऐकलं नसतं तर चौथं सीलही महिनाभरच टिकलं असतं.

जोडताना ज्या गोष्टी मला कोणी आधी सांगायला हव्या होत्या त्या एवढ्याच. केस उघडलीच आहे तर डावं सीलही बदला, त्याचा ओठ जिथे घासतो ती जागा आणि दोन्ही बाजूंची बेअरिंगं तपासा, कारण बेअरिंग ढिलं असेल तर क्रँक थरथरतो आणि कुठलंही सील त्याला पुरत नाही. सील काढायच्या आधी कुठलं तोंड कुठे होतं याचा फोटो घ्या. सीलच्या ओठाला ग्रीस लावूनच बसवा, कोरडा ओठ पहिल्या किकलाच जळतो. मिळालं तर व्हिटॉनचं सील घ्या, इथेनॉल आणि उष्णता दोन्ही ते जास्त सोसतं. केसच्या दोन अर्ध्यांमध्ये कागदी पॅकिंग नसतं, लिक्विड सीलंट असतं, ते पातळ लावा. जाड लावलं तर आत पिळून येऊन तेलाच्या वाटा बुजवतं. आणि वरचा भाग बसवायच्या आधी नाही, सगळं बसवून, पण कार्बोरेटर आणि सायलेन्सर लावायच्या आधी, फुग्याची परीक्षा पुन्हा करा. माझा काटा २५० वरून सहा मिनिटांत २३८ वर आला. तेव्हा कुठे चहा घेतला.

एक गोष्ट माहीत नसेल तर घाबरायला होतं, म्हणून सांगून ठेवतो. इंजिन जोडून पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा उजव्या सायलेन्सरमधून आधीपेक्षा जास्त धूर. मी गाडी बंद करून पायरीवर बसलो. बायको म्हणाली, "इतकं उघडून परत तेच?" तेच नव्हतं. सायलेन्सरच्या पोटात महिनोन्महिने साठलेलं गियर ऑइल होतं, ते आता तापून जळत होतं. प्लग काढून बघितला तर कोरडा. प्लगवर विश्वास ठेवायची ही एक वेळ. जवळजवळ दीडशे किलोमीटर तो धूर येत राहिला, जांबोटीपर्यंत दोन चकरा झाल्या, कुसमळीच्या पुलावर थांबून मागे बघितलं तर दोन्हीकडून सारखाच पातळ निळा.

पुढच्या रविवारी मुद्दाम वंटमुरीला गेलो. मूठ बंद, खाली उतरलो, तळाशी पिळली. मागे ट्रक नव्हता, पण असता तरी त्याला हॉर्न वाजवायला कारण नव्हतं. ४०० किलोमीटरनंतर गियर ऑइल काढून मोजलं, घातलं होतं तेवढंच निघालं, आणि पेट्रोलचा वास नव्हता. दोन्ही बाजूंना पुन्हा बी८एचएस लावले. बारावा प्लग अजून डबीत गेलेला नाही.